चॉक पेंट पावसात टिकेल का?

पावसाळा ओसरून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की शहरांतील बाल्कन्या आणि गच्च्या पुन्हा वापरात येतात. चार महिने कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या केलेल्या लोखंडी खुर्च्या, झोपाळ्याची फळी, वेताचे स्टूल, कुंड्यांखालची तिवई हे सारे सामान उजेडात येते आणि त्याची दशाही तेव्हाच नजरेस पडते. कुठे रंगाचे पोपडे सुटलेले असतात, कुठे सांध्यांतून गंजाचे ओघळ उतरलेले असतात. दिवाळीपूर्वी या सामानावर रंगाचा एक हात फिरवावा, असे मग घरोघरी ठरते.

एके काळी या कामाला तेलरंगाचा डबा आणि टर्पेंटाइनची बाटली पुरत असे. अलीकडच्या काळात त्यांच्या जोडीला 'चॉक पेंट' हे नाव ऐकू येऊ लागले आहे. फिकट, दुधाळ छटा, अजिबात नसलेली चकाकी आणि जुन्या वस्तूला लाभणारे एक मऊ, निवांत रूप यांमुळे हा रंग अनेकांना भुरळ घालतो. घासकाम नको, अस्तर नको, उग्र वास नाही आणि तासाभरात वाळतो, अशी त्याची ख्याती आहे. घराच्या आत ठेवायच्या वस्तूंपुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु तोच रंग उघड्या गच्चीतल्या बाकावर लावला तर आपल्याकडचा एक पावसाळा तो काढेल का, याचे उत्तर डब्यावरच्या मजकुरात क्वचितच सापडते. त्यासाठी हा रंग मुळात काय आहे, हे पाहावे लागते.

डिस्टेंपरचा चुलतभाऊ

सर्वप्रथम नावाचा घोळ दूर करायला हवा. चॉक पेंट म्हणजे फळ्याचा रंग नव्हे. ज्यावर खडूने लिहिता येते तो कठीण, काळा वा हिरवा रंग वेगळा. चॉक पेंटमध्ये खडू रंगातच मिसळलेला असतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या अ‍ॅनी स्लोन या रंगतज्ज्ञ बाईंनी १९९० मध्ये जुन्या फर्निचरसाठी हा रंग तयार केला आणि त्याला हे नाव दिले. पुढे त्याच धर्तीचे रंग इतरांनीही बाजारात आणले आणि आज 'चॉक पेंट' हा शब्द सर्रास एका प्रकारच्या रंगासाठी वापरला जातो.

नाव नवे असले तरी वस्तू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. चाळींच्या आणि जुन्या वाड्यांच्या खोल्यांत भिंतींना डिस्टेंपर दिलेला असे, तो आठवावा. खडूची पूड, थोडा सरस, पाणी आणि रंगाची भुकटी एवढाच त्याचा संसार. भिंतीला पाठ टेकली की तो सदऱ्याला लागे आणि ओला हात लागला की पुसला जाई. चॉक पेंट हा याच डिस्टेंपरचा सुधारलेला चुलतभाऊ म्हणता येईल. यात सरसाऐवजी पाण्यात मिसळणारे, वाळल्यावर पाण्यात न विरघळणारे कृत्रिम बंधक द्रव्य असते. त्यामुळे तो कपड्याला लागत नाही आणि लाकूड, धातू, काच अशा अनेक पृष्ठभागांना बरा चिकटतो. कुळाचा मूळ स्वभाव मात्र सुटलेला नाही.

तो स्वभाव असा. कोणत्याही रंगात घन पूड असते आणि तिला धरून ठेवणारे बंधक असते. चकाकणाऱ्या तेलरंगात बंधक भरपूर असते. पुडीचा प्रत्येक कण त्यात बुडालेला असतो आणि वर गुळगुळीत, सलग पापुद्रा तयार होतो. पुडीचे प्रमाण वाढवत नेले की एक टप्पा असा येतो की कणांमधल्या साऱ्या फटी भरायला बंधक अपुरे पडते. त्या फटींत हवा राहते. पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो, त्यावर पडणारा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि डोळ्यांना चकाकी दिसत नाही. चॉक पेंटचे मखमली रूप ते हेच. अर्थात ज्या फटींमुळे हे रूप येते, त्याच फटींतून पाणीही आत शिरते. रूप आणि दोष एकाच गोष्टीतून आलेले असल्यामुळे एक ठेवून दुसरा काढून टाकता येत नाही.

येथे चुन्याची आठवण होणे साहजिक आहे. चुनाही असाच निस्तेज आणि सच्छिद्र दिसतो, तरीही गावाकडच्या बाहेरच्या भिंती तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आला आहे. मग चॉक पेंटनेच काय घोडे मारले? फरक रसायनात आहे. भिजवलेला चुना भिंतीवर बसल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. त्याला वेगळ्या बंधकाची गरज नसते. चॉक पेंटमधील खडू हा आधीच कॅल्शियम कार्बोनेट असतो. त्याच्यात नवे काही घडायचे उरलेले नसते. तो केवळ बंधकाच्या आधाराने उभा असतो आणि आधीच थोडे असलेले ते बंधक उन्हाने झिजले की कण सुटे होऊन भुकटी हाताला लागते.

लंडनचा पाऊस, मुंबईचा पाऊस

हा रंग ज्या हवामानात जन्मला ते हवामानही लक्षात घ्यायला हवे. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बारा महिन्यांत विखुरलेला असतो. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती, म्हणजे लंडनच्या वर्षभराहून अधिक. इंग्लंडमधल्या बागेतील खुर्ची भिजते आणि वाळते. आपल्याकडची खुर्ची जूनमध्ये भिजते आणि तिला पुरते वाळायची सवड सप्टेंबरपर्यंत मिळेलच असे नाही. किनारपट्टीवर त्यात खारे वारे मिसळतात. विदर्भात पाऊस कमी, पण मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा तिथे रंगाची वेगळी परीक्षा घेतो.

त्यामुळे परदेशी अनुभवावर बेतलेला सल्ला जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. मेणाचेच पाहा. घरातल्या वस्तूंवर चॉक पेंट लावल्यानंतर त्यावर मऊ मेण चोळतात. मेण फटींत मुरते, रंगाला हलकी झळाळी येते आणि डागही कमी पडतात. बाहेरच्या वस्तूंना मात्र मेण लावू नये. मधमाश्यांचे मेण ६० अंशांच्या थोडे पुढे वितळते आणि मऊ होते त्याच्या बरेच आधी. भर उन्हात तापलेल्या लोखंडी खुर्चीवर हात ठेववत नाही, त्या तापमानाला मेणाचा चिकटा होतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. पावसात त्यावर पांढुरके डाग पडतात. याहून मोठी अडचण पुढे येते. एकदा मेण मुरले की त्यावर व्हार्निश धरत नाही, म्हणजे दुरुस्तीची वाटही बंद होते.

बाहेरच्या वस्तूसाठी मग उपाय उरतो तो वरच्या पारदर्शक संरक्षक थराचा. त्यासाठी बाहेरच्या वापरासाठी बनवलेले, पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन व्हार्निश घ्यावे. त्यात अतिनील किरण अडवणारी द्रव्ये असतात. सुतारांच्या हातातले नेहमीचे मेलामाइन पॉलिश घरातल्या फर्निचरसाठी असते, ते येथे उपयोगाचे नाही. तेलावर आधारित व्हार्निश काही काळाने पिवळे पडते आणि फिकट चॉक पेंटवर तो पिवळेपणा ताबडतोब डोळ्यांत भरतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर आणि पाटांवरही रंग खाली आणि चकचकीत रोगण वर अशीच रचना असते. तत्त्व नवे नाही.

दोन गोष्टींची मात्र मनाची तयारी हवी. व्हार्निश लावताच रंग गडद होतो. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा गडद दिसते, तसेच हे. फटींतील हवेची जागा व्हार्निशने घेतली की प्रकाश पूर्वीसारखा विखुरत नाही. म्हणून वस्तूच्या खालच्या बाजूला आधी हातभर जागेवर रंग आणि व्हार्निश दोन्ही लावून पाहावे आणि मगच छटा नक्की करावी. दुसरे असे की थोडी चकाकी येणारच. ती नको असेल तर पहिले दोन हात चकाकीच्या व्हार्निशचे आणि शेवटचा एक हात निस्तेज व्हार्निशचा द्यावा.

एवढे केल्यावर पावसाला तोंड देतो तो कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर व्हार्निश हेच येते. चॉक पेंटचे काम तेथे फक्त रूप देण्याचे उरते. हे ध्यानात ठेवले तर कोणत्या वस्तूवर तो लावायचा आणि कोणत्या वस्तूवर नाही, हे ठरवणे सोपे जाते. वर छप्पर असलेल्या, फक्त पावसाचे शिंतोडे येणाऱ्या बाल्कनीसाठी व्हार्निशच्या आवरणाखाली चॉक पेंट चालतो. उघड्या गच्चीत बारमाही राहणाऱ्या वस्तूसाठी मात्र साधा तेलरंगच घ्यावा. निस्तेज रूपाचा आग्रहच असेल तर बाहेरच्या भिंतींसाठीचे निस्तेज इमल्शन योग्य अस्तरावर लावून जवळपास तेच रूप कमी खर्चात मिळते.

जुन्या थरांखालचे शिसे

चॉक पेंटची भुरळ बहुतेकांना जुन्या वस्तूंमुळे पडते. पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईत चोर बाजारातून वा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून आणलेली खुर्ची, आजोळच्या घरातून आलेला झोपाळा, वाडा पाडताना वाचवलेले खिडकीचे दार अशा या वस्तू असतात. त्यांच्यावर आधीच दोन-चार रंगांचे थर असतात आणि या लेखातील सर्वांत गंभीर बाब त्या थरांत दडलेली आहे.

आपल्याकडे जुन्या तेलरंगांत शिसे सर्रास असे. पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या छटांत ते विशेष असे, कारण त्या छटांसाठी शिशाचे क्रोमेट वापरले जाई. लोखंडाच्या अस्तरासाठी शेंदूर वापरण्याचीही पद्धत होती आणि पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच एक ऑक्साइड आहे. केंद्र सरकारने घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये काढले. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत दर दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असे बंधन आले. म्हणजे त्याआधी रंगवलेली कोणतीही वस्तू ही संशयित धरायला हवी. हे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. औद्योगिक वापराचे रंग त्यांच्या कक्षेत येत नाहीत, हेही ग्रिल रंगवण्यासाठी डबा आणताना लक्षात ठेवावे. घरगुती रंगाच्या डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख असतो, तो वाचूनच खरेदी करावी.

रंगाचा थर अखंड असेल तोवर धोका कमी असतो. तो घासला की धूळ उडते. ती धूळ बाल्कनीच्या फरशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुंडीतल्या पुदिन्यावर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. रक्तातील शिशाचे निर्धोक म्हणता येईल असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर स्त्रियांनीही या कामापासून दूर राहावे.

या दृष्टीने पाहता 'घासकाम नको' हा चॉक पेंटचा गुण केवळ आळशी माणसाच्या सोयीचा राहत नाही. जुना रंग घट्ट असेल तर तो साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, न घासता त्यावर थेट चॉक पेंट लावता येतो आणि शिसे खालीच बंद राहते. परंतु गंमत अशी की याच रंगासोबत आलेली फॅशन हा फायदा हिरावून घेते. रंग वाळला की कडा-कोपऱ्यांवर पॉलिश पेपर घासून खालचे जुने थर मुद्दाम उघडे करायचे आणि वस्तूला झिजलेले, जुनाट रूप द्यायचे, ही ती फॅशन. इंग्लंड-अमेरिकेतील सजावटीच्या पुस्तकांतून ती इकडे आली. ज्या देशात ऊन-पाऊस हे काम दोन वर्षांत फुकट करून देतात, तिथे त्यासाठी पॉलिश पेपरवर पैसे खर्च करावेत का, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण जुन्या तेलरंगाच्या वस्तूवर हा प्रयोग करू नये, हे निश्चित. ज्या कडा घासल्या जातात, त्याच कडांना दात येणारी मुले चावतात.

जुना रंग सुटत असेल तर तो काढावाच लागतो. अशा वेळी कोरडे घासू नये. पृष्ठभाग सतत ओला ठेवून पाण्याचा पॉलिश पेपर वापरावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे, बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, कामानंतर फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. रंगारी पूर्वी ब्लोलॅम्पच्या ज्योतीने जुना रंग जाळून काढीत. ते तर मुळीच करू देऊ नये, कारण त्यातून शिशाची वाफ श्वासात जाते. रंगकाम करणाऱ्या कामगाराला हा धोका रोजचा असतो. मास्क आपण आणून द्यावा आणि तो लावून काम होते आहे ना, हेही पाहावे.

वस्तू तसा विचार

लोखंडी खुर्च्या, टेबले आणि झोपाळ्याच्या चौकटी यांच्याबाबत सर्वाधिक चूक होते. चॉक पेंट पाण्यावर आधारित असतो. तो उघड्या लोखंडावर लावला की रंग वाळेपर्यंतच खाली गंज धरतो आणि फिकट रंगातून तपकिरी ठिपके वर येतात. येथे 'अस्तर नको' हा दावा पूर्णपणे खोटा ठरतो. तारेच्या ब्रशने गंज काढून, कोरड्या दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यायला हवा. पिवळ्या झिंक क्रोमेट अस्तरातील क्रोमियमचे संयुग कर्करोगकारक असल्याने झिंक फॉस्फेटचे अस्तर मागणे श्रेयस्कर. अस्तर पूर्ण वाळल्यावरच चॉक पेंट द्यावा. खुर्च्यांचे पोकळ पाइप जेथे उघडे असतात, त्या तोंडांकडे दुर्लक्ष होते. पाणी तेथून आत जाते आणि खुर्ची आतून कुजत येते. बाहेर कितीही सुंदर रंग असला तरी एक दिवस पाय मोडतो. तोंडाला रबरी बूच बसवणे हा चार आण्यांचा उपाय आहे.

लाकडात सागवानाचा प्रश्न निराळा आहे. सागवानात नैसर्गिक तेल असते, ज्यामुळे ते पाण्याला दाद देत नाही. त्याच तेलामुळे पाण्यावर आधारित रंग त्याला नीट धरत नाही. शिवाय लाकडातील तपकिरी द्रव्ये पाण्याबरोबर वर येऊन पांढऱ्या रंगावर चहाचे सांडलेले थेंब दिसावेत तसे डाग पाडतात. लाखेच्या पॉलिशचे एक-दोन पातळ हात आधी दिले तर हे डाग अडतात. पण त्याआधी थांबून विचार करावा, असे सुचवावेसे वाटते. चांगल्या सागवानाला बाहेर रंगाची गरज नसते. ते तसेच सोडले तर उन्हात रुपेरी करडे होते आणि वर्षानुवर्षे टिकते. सागवानाच्या रेषांत शिरलेला रंग पुढे काढायचा म्हटले तर निम्मी फळी तासावी लागते. आजोबांच्या झोपाळ्यावर प्रयोग करण्यापेक्षा पाइनच्या पॅकिंग पेटीपासून केलेल्या बाकावर तो करावा.

साध्या लाकडाच्या बाबतीत खरी लढाई पायांच्या तळाशी असते. लाकूड आपल्या रेषांच्या टोकांतून सर्वाधिक पाणी पिते, जसे झाड मुळांकडून वर पाणी नेते. फरशीवरचे पाणी पायांच्या तळातून वर चढते, रंगाच्या मागून येते आणि त्याला बाहेर ढकलते. पोपडे नेहमी खालून सुरू होतात ते यामुळे. वस्तू उलटी करून प्रत्येक पायाच्या तळाला व्हार्निश मुरेल तितके पाजावे, वाळू द्यावे आणि पुन्हा पाजावे. रबरी बूट लावून पाय फरशीपासून थोडा उचलला गेला तर फारच उत्तम.

वेत बसताना लवतो. पुडीचे प्रमाण जास्त असलेला रंग मात्र लवचीक नसतो, त्यामुळे वेताच्या खुर्चीवर तो तडकतो. शोभेच्या टोपलीला चालेल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्यांना बहुतेक कोणताच रंग धरत नाही. त्या रंगवूच नयेत.

सिमेंटचा बाक आणि मातीच्या कुंड्या यांच्यावर मात्र चॉक पेंट खुलतो. त्याचा सच्छिद्रपणा येथे गुण ठरतो. मातीच्या कुंडीतून ओल सतत बाहेर झिरपत असते. तेलरंगाचा सलग पापुद्रा तिला अडवतो आणि काही दिवसांत फुगे येऊन सुटतो. चॉक पेंटच्या फटींतून ओल निघून जाते. म्हणून कुंडीला बाहेरून व्हार्निश लावू नये. लावायचेच तर आतून पाणीरोधक थर द्यावा, म्हणजे पांढरे क्षार बाहेर फुटून येत नाहीत. सिमेंटचा बाक नवा असेल तर महिनाभर थांबावे, तोवर त्यातील क्षारता उतरते.

घरगुती मिश्रण

तयार चॉक पेंट साध्या इमल्शनच्या तुलनेत महाग पडतो, म्हणून अनेक जण तो घरीच करतात. एक वाटी इमल्शनला पाव ते तृतीयांश वाटी पूड आणि पूड भिजेल इतके पाणी, हे नेहमीचे प्रमाण. पूड आधी पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवून मग रंगात मिसळावी. पूड म्हणून बहुधा प्लास्टर ऑफ पॅरिस सुचवले जाते. घरातल्या वस्तूंना ते चालते, बाहेरच्या वस्तूंना नाही. पाण्यात मिसळल्यावर त्याचे जिप्सम होते आणि जिप्सम एका लिटर पाण्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक विरघळते. ऐकायला हे थोडेच वाटते. पीओपीच्या गणेशमूर्ती पाण्यात महिनोन्‌महिने तशाच राहतात, मग रंगाचे काय बिघडणार, असेही कोणी म्हणेल. परंतु मूर्ती हा जाड गोळा असतो आणि रंगाचा थर कागदाइतका पातळ. शिवाय त्यावरून रोज नवे पाणी वाहते. त्यापेक्षा कॅल्शियम कार्बोनेटची पूड वापरावी. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. इमल्शनही बाहेरच्या भिंतींसाठीचेच घ्यावे. पूड जास्त घातली तर रूप अधिक मऊ येते आणि रंग तितकाच दुबळा होतो, हे तारतम्य ज्याने त्याने ठेवावे.

मुहूर्त आणि निगा

रंगकामाला उत्तम काळ दिवाळीच्या आधीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. दसरा-दिवाळीला रंग काढण्याच्या आपल्या प्रथेला हे शास्त्रीय कारणही आहेच. पाऊस थांबल्यावर लाकडाने प्यायलेले पाणी निघून जायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी रंग दिला तर ओल आत कोंडली जाते. ऑक्टोबरच्या भर उन्हातही काम करू नये. रंग ब्रशवरच वाळू लागतो आणि फटकारे उमटतात. सकाळी, सावलीत काम करावे. पुणे, नाशिक भागात थंडीत संध्याकाळनंतर दव पडते, तेव्हा ताजे व्हार्निश उघड्यावर ठेवले तर ते दुधाळ होते.

चॉक पेंटचे दोन पातळ हात पुरतात. वाळल्यावर किमान एक दिवस थांबून व्हार्निशचे तीन पातळ हात द्यावेत. व्हार्निश हाताला कोरडे लागले तरी त्याला पुरती घट्टता यायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोवर त्यावर गरम कप वा ओली कुंडी ठेवू नये. दिवाळीच्या फराळाला पाहुण्यांना त्याच खुर्च्यांवर बसवायचे असेल तर हा हिशेब आधीच करावा.

पुढे दर वर्षी मे महिन्यात वस्तू धुऊन, बारीक पॉलिश पेपर केवळ व्हार्निशवर हलका फिरवून, व्हार्निशचा एक हात द्यावा. रंगापर्यंत जाऊ नये. कुठे टवका उडाला असेल तर त्याच आठवड्यात बुजवावा, कारण पाणी एका टवक्यातून शिरले की आजूबाजूचा सारा थर सुटतो. पावसाळ्यात सामान आत घेणे शक्य नसेल तर झाकावे, पण प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवू नये. आत बाष्प साचते आणि बुरशी येते. वरून ताडपत्री आणि खालून हवा खेळती, एवढे जमले तरी पुरे. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून, सावलीत ठेवावा. अर्ध्या रिकाम्या डब्यात तो लवकर वाळतो. टवके बुजवायला मे महिन्यात तोच लागतो.